एक क्लिक, दोन ठोके: बिघडलेला माउस कसा तपासावा

माउस नीट चालेनासा झाला की बहुतेक जण तो एक-दोनदा टेबलावर आपटून पाहतात, वायर काढून पुन्हा लावतात आणि मग नवा विकत आणतात. कधी कधी तोच त्रास नव्या माउसलाही होतो, आणि जुना विनाकारण टाकला गेला हे तेव्हा कळतं.

माउस दिसायला एकच वस्तू असली, तरी त्याच्या पोटात चार वेगवेगळ्या यंत्रणा असतात. हालचाल टिपणारा सेन्सर, बटणांखालचे स्विच, चाकाचं फिरणं मोजणारा एन्कोडर आणि ही सगळी माहिती संगणकाकडे नेणारी वायर किंवा रेडिओ. या चारही यंत्रणा एकदम बिघडल्या असं सहसा होत नाही. बिघडते एकच, आणि प्रत्येकीच्या बिघाडाचं लक्षण वेगळं असतं. लक्षण नीट पाहिलं तर माउस उघडण्याआधीच दोष कुठे आहे ते बऱ्याच वेळा सांगता येतं.

दोष नक्की माउसचाच आहे ना?

तपासणीचा एकच नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माउस दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावा. हबमध्ये लावलेला असेल तर तिथून काढून थेट संगणकाला जोडा. तरीही चालला नाही तर तोच माउस दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. तिथेही तोच त्रास झाला, तर दोष माउसचा. तिथे तो सुरळीत चालला, तर शोध आपल्या संगणकात घ्यायचा. लॅपटॉप असेल तर आणखी एक सोपी खूण आहे. टचपॅडवर बोट फिरवल्यावर पॉइंटर नीट चालत असेल, तर पडद्यावरच्या पॉइंटरची व्यवस्था शाबूत आहे. पॉइंटर अडखळतोय आणि टाइप केलेली अक्षरंही उशिरा उमटतायत, असं असेल तर संगणक दुसऱ्या कामात गुंतलेला आहे. माउस बदलून त्यात काही फरक पडणार नाही.

हे सगळं करायला संगणक चालवता तर आला पाहिजे, आणि माउसच बंद असेल तर अनेकांचे हात तिथेच थांबतात. पण विंडोजमध्ये माउसशिवायही काम होतं. विंडोज की दाबली की मेनू उघडतो, टॅब आणि बाणांच्या कीजनी पुढे सरकता येतं, एंटरने निवड होते, शिफ्ट आणि एफ-१० एकत्र दाबले की उजव्या क्लिकचा मेनू येतो. डावीकडचे अल्ट आणि शिफ्ट दाबून धरून नम लॉक दाबलं, तर ‘माउस कीज’ची सोय सुरू करायची का, असं संगणक विचारतो. होकार दिला की कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांनी पॉइंटर सरकतो आणि मधल्या ५ ने क्लिक होतो.

विंडोज की आणि एक्स एकत्र दाबून मग एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर उघडतो. तिथे माउसच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह असेल, तर दोष ड्रायव्हरचा असू शकतो. ती नोंद काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज ड्रायव्हर आपणहून नव्याने बसवतं. थोडा वेळ हात न लावल्यावर माउस झोपत असेल आणि जागा व्हायला वेळ घेत असेल, तर यूएसबी हबच्या गुणधर्मांत ‘पॉवर मॅनेजमेंट’ पाहा. वीज वाचवण्यासाठी पोर्ट बंद करण्याची परवानगी तिथे दिलेली असते. ती काढून घ्या.

जुन्या कार्यालयांत आणि शाळांच्या प्रयोगशाळांत अजूनही हिरव्या रंगाच्या गोल पिनचे माउस दिसतात. आयबीएमच्या १९८७ सालच्या पीएस/२ संगणकांबरोबर ही पिन आली. चालू संगणकाला जोडण्यासाठी ती बनवलेलीच नाही. निघालेली पिन लावायची असेल तर आधी संगणक बंद करावा. आतल्या बारीक पिना वाकलेल्या नाहीत ना, हेही पाहावं.

पॉइंटर उड्या मारतो तेव्हा

१९६४ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस घडवला. तो एक लाकडी ठोकळा होता. वर एक बटण, आणि खाली एकमेकांशी काटकोन करणारी धातूची दोन चाकं. एक चाक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबार्ट यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला, आणि १९७० साली त्याचं पेटंट मिळालं. पुढे दोन चाकांची जागा गोळीने घेतली. १९९० च्या दशकात संगणक शिकलेल्यांना ती जड, रबरी आवरणाची गोळी नक्की आठवेल. गोळी फिरली की आतले दोन बारीक रूळ फिरायचे. त्यांवर धूळ आणि हाताच्या मळाचं कडं जमलं की पॉइंटर एका दिशेला चालायचा आणि दुसऱ्या दिशेला अडायचा. कोणता रूळ मळला आहे ते त्यावरूनच कळायचं.

१९९९ साली मायक्रोसॉफ्टचा, गोळीऐवजी प्रकाशावर चालणारा इंटेलिमाउस एक्सप्लोरर बाजारात आला आणि गोळी हळूहळू गेली. आजच्या माउसच्या तळाशी कॅमेराच असतो. एक एलईडी टेबलाच्या पृष्ठभागावर तिरपा प्रकाश टाकतो. त्यामुळे कागदाचे तंतू, लाकडाचे उंचवटे, कापडाची वीण यांच्या बारीक सावल्या पडतात. भिंगाखालचा छोटा सेन्सर सेकंदाला हजाराहून अधिक चित्रं घेतो आणि प्रत्येक चित्र आधीच्या चित्राशी ताडून पाहतो. पृष्ठभागाची नक्षी जेवढी सरकलेली दिसते, तेवढा माउस उलट दिशेला सरकला, हे त्यावरून ठरतं.

म्हणजे या सेन्सरला पाहायला काहीतरी नक्षी लागते. आपल्याकडे टेबलावर काच आणि काचेखाली कॅलेंडर, दूरध्वनी क्रमांक, देवाचा फोटो ठेवण्याची पद्धत अनेक कार्यालयांत आहे. काचेवर सेन्सरला धरून राहण्यासारखं काही सापडत नाही, म्हणून पॉइंटर थरथरतो किंवा जागचा हलत नाही. चकचकीत सनमायकावरही हाच त्रास होतो. तपासणी अगदी सोपी आहे: माउसखाली साधा कोरा कागद ठेवा. पॉइंटर सुधारला तर माउस उत्तम आहे, फक्त पॅड घ्या.

कागदावरही उड्या थांबल्या नाहीत तर माउस उलटा करून सेन्सरच्या भोकात पाहा. एखादा केस किंवा कापसाचा तंतू तिथे अडकला की प्रत्येक चित्रात तो दिसत राहतो आणि सेन्सरचा हिशेब चुकतो. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे थेंब भिंगावर बसतात, म्हणून कोरड्या इअरबडने किंवा मऊ ब्रशने तो काढावा. सेन्सरची चिप स्वतः बिघडणं मात्र फार क्वचित घडतं, आणि ती बिघडली तर दुरुस्तीच्या नादी लागू नये.

वायर कुठे तुटते

एंगेलबार्ट यांच्या पहिल्या नमुन्यात वायर मनगटाच्या बाजूने निघत होती. हाताच्या आड येते म्हणून ती लवकरच पुढच्या बाजूला नेली गेली. पण कुठूनही निघाली, तरी ज्या ठिकाणी ती माउसच्या अंगातून बाहेर पडते तिथे प्रत्येक हालचालीबरोबर वाकते. आतल्या तांब्याच्या बारीक तारा तुटतात त्या बहुधा तिथेच. दुसरी जागा म्हणजे यूएसबी पिनची मान. वरचं प्लॅस्टिक शाबूत असल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही.

वायरच्या दोषाची खूण अशी: माउस मधूनच मरतो, वायर एका विशिष्ट कोनात धरली की जिवंत होतो, आणि त्या वेळी संगणकातून काहीतरी निघाल्याचा आणि पुन्हा जोडल्याचा आवाज येतो. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. लाल आणि काळी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी माहिती नेतात. म्हणून तळाचा दिवाही महत्त्वाचा साक्षीदार आहे. दिवा पूर्ण बंद असेल तर वीज पोचत नाही, म्हणजे संशय लाल-काळ्या तारांवर. दिवा लागतोय पण संगणक माउसला ओळखत नाही, तर संशय हिरव्या-पांढऱ्यांवर. काही माउसमध्ये डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. अशा वेळी मोबाइलचा कॅमेरा तळासमोर धरला, तर बऱ्याचदा तो पडद्यावर फिकट जांभळा दिसतो.

मल्टिमीटर असेल तर चारही तारांची सलगता तपासता येते. तुटलेला भाग कापून तारा रंगाप्रमाणे पुन्हा सोल्डर करणं शक्य आहे. पण अगदी साधा माउस असेल तर त्यात जाणारा वेळ नव्या माउसच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

बिनतारी माउसला वायर नसते, मात्र सेल आणि रेडिओ असतात. आधी तळाचा स्विच पाहा. तो चुकून बंद झालेला असतो, आणि तिकडे लक्षच जात नाही. मग सेल बदला. जुना सेल गळला असेल तर पत्र्याच्या टोकांवर पांढरट किंवा हिरवट थर दिसतो. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या इअरबडने तो पुसावा, पाण्याने ओलावलेल्या इअरबडने पुन्हा पुसावं आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच नवा सेल घालावा.

सेल नवा असूनही पॉइंटर अडखळत असेल, तर डोंगल, म्हणजे संगणकात खोचायचा रेडिओचा छोटा तुकडा, कुठे लावलाय ते पाहा. असे माउस सहसा २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. यूएसबी ३.० च्या पोर्टमधून आणि वायरींतून नेमक्या याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट निघतो, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात दाखवलं आहे. पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कच्या शेजारी, त्यातही लोखंडी कॅबिनेटच्या मागे खोचलेला डोंगल या गोंगाटात सापडतो. एका छोट्या एक्स्टेंशन वायरने डोंगल टेबलावर माउसजवळ आणला की हा त्रास बऱ्याचदा तिथेच संपतो.

एका क्लिकचे दोन का होतात

माउसच्या सगळ्या बिघाडांत सर्वांत चिडवणारा आणि समजून घेण्यासारखा बिघाड हा. फोल्डर निवडायला एकदा बोट टेकवलं तर ते उघडतं. फाइल ओढत नेताना ती अर्ध्या वाटेत सुटते, आणि भलत्याच फोल्डरमध्ये पडते. मजकूर निवडताना निवड मध्येच तुटते. सेन्सर, वायर, चाक सगळं उत्तम असतं. दोष डाव्या बटणाखालच्या एका छोट्या डबीत असतो.

या डबीला मायक्रोस्विच म्हणतात. तिच्यात तांब्याच्या मिश्रधातूची कागदासारखी पातळ पट्टी वाकवून ताणून बसवलेली असते. बटण दाबलं की पट्टी एका मर्यादेपर्यंत ताण सहन करते आणि मग टचकन उलटून खालच्या टोकाला टेकते. आपल्याला ऐकू येणारा टिक आवाज त्या उलटण्याचा. पण धातूवर धातू आदळला की तो एकदम स्थिरावत नाही. जमिनीवर टाकलेल्या चेंडूसारखा तो काही वेळा उसळतो, आणि काही मिलिसेकंदांत जोडणी अनेकदा जुळते आणि सुटते. हे नव्या स्विचमध्येही होतं. म्हणून माउसमधल्या चिपला सांगून ठेवलेलं असतं, की पहिल्या ठोक्यानंतर थोडा वेळ येणारे ठोके मोजायचे नाहीत.

वर्षं जातात तशी पट्टीतला ताण कमी होतो. टेकण्याच्या जागी झीज होते, ऑक्साइडचा थर साचतो. माउसच्या स्विचमधून वाहणारा प्रवाह अगदी क्षीण असतो, आणि असा थर भेदून जाण्याचं बळ त्याच्यात नसतं. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट खाऱ्या हवेत धातूवर थर चढायला वेळ लागत नाही, हे तिथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. परिणाम असा की उसळणं लांबतं, आणि बटण दाबून धरलेलं असतानाही जोडणी क्षणभर सुटते. चिपने राखून ठेवलेली मुदत उलटल्यावर एक ठोका येतो. चिपला वाटतं, बोट उचलून पुन्हा दाबलं. विंडोजमध्ये दोन क्लिकमधलं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर ते डबल क्लिक धरलं जातं. तो चुकार ठोका या अर्ध्या सेकंदात आरामात बसतो.

सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग बदलून हा दोष जात नाही, त्याचं कारण हेच. वेग कमाल टोकाला नेला तरी काही मिलिसेकंदांनी आलेला ठोका त्या मुदतीत येतोच.

खात्री करण्याची उत्तम युक्ती म्हणजे सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल करणं. आता उजव्या बटणाने निवडा, उघडा, ओढा. सगळं सुरळीत झालं तर दोष डाव्या बटणाच्या स्विचमध्येच आहे. उजव्या बटणानेही तोच त्रास झाला तर दोष सेटिंगमध्ये किंवा संगणकात शोधावा. ही अदलाबदल तात्पुरता उपायही आहे. तातडीचं काम हातात असेल तर उजव्या बटणावर दिवस निभावता येतो.

स्विचवर २० लाख, ५० लाख, १ कोटी, २ कोटी क्लिकचं आयुष्य छापलेलं असतं. हिशेबापुरते दिवसाला ३,००० क्लिक धरले तर ५० लाख क्लिक साधारण साडेचार वर्षांत संपतात. दिवसभर डेटा एंट्री करणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, खेळ खेळणाऱ्या माणसांचे क्लिक याहून कितीतरी जास्त असतात. त्यामुळे त्यांच्या हातात हा दोष आधी येतो. नव्या काही माउसमध्ये प्रकाशाचा किरण अडवून क्लिक ओळखणारे स्विच असतात. तिथे धातू धातूवर टेकतच नाही, त्यामुळे हा दोष मुळातच टळतो.

स्विच बदलताना

माउस चांगल्या प्रतीचा असेल, हाताला बसलेला असेल, तर त्याचा स्विच बदलणं पूर्णपणे सार्थ आहे. थोडंफार सोल्डरिंग येणाऱ्याला हे जमतं. माउस संगणकापासून सोडवा किंवा सेल काढा. स्क्रू दिसले नाहीत तर तळाच्या गुळगुळीत पट्ट्या आणि स्टिकर यांखाली पाहा. ते बहुधा तिथे लपवलेले असतात. पट्ट्या पातळ सुरीने सावकाश उचलल्या तर पुन्हा चिकटवता येतात. वरचं कवच हिसका देऊन उघडू नये. आत पातळ फीत किंवा बारीक वायर वरच्या भागाला जोडलेली असू शकते.

स्विचच्या अंगावर छापलेला क्रमांक टिपून घ्या, उघडलेल्या माउसचा मोबाइलवर फोटो काढा आणि स्विचच्या वरची छोटी दांडी कोणत्या बाजूला आहे ते नीट पाहून ठेवा. उलटा बसवला तर बटण तिच्यावर दाबत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत असले सुटे भाग शोधता येतात. स्विच मिळालाच नाही तर आणखी एक मार्ग आहे. बऱ्याच माउसमध्ये उजव्या बटणाखालीही तसाच स्विच असतो आणि तो फार कमी वापरलेला असतो. दोघांची जागा बदलली तर डाव्या बटणाला जवळजवळ नवा स्विच मिळतो.

जुन्या स्विचच्या तीन पायांवर फ्लक्स लावून सोल्डर वितळवा आणि तांब्याच्या जाळीने टिपून घ्या. पाय मोकळे झाल्याशिवाय स्विच ओढू नका. ओढला तर बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उखडतो आणि सगळा माउसच जातो. नवा स्विच बोर्डाला सपाट टेकवा, आणि एका पायाला तीन-चार सेकंदांहून जास्त उष्णता देऊ नका. आतलं प्लॅस्टिक विरघळलं तर नवा स्विचही तितकाच निकामी. कवच लावण्याआधी माउस जोडून क्लिक तपासा.

माउस उघडलाच आहे तर चाकही पाहून घ्या. खाली स्क्रोल करताना पान मध्येच वर उसळत असेल, तर चाकाच्या अक्षाशी असलेल्या एन्कोडरमध्ये धूळ किंवा झीज असते. काही माउसमध्ये चाकाला फटी असतात आणि त्यांतून प्रकाश जातो. तिथे केस आणि धूळ काढली की काम होतं. जिथे धातूचे स्पर्श आहेत तिथे कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक हलका फवारा उपयोगी पडतो. मात्र तो पूर्ण वाळू द्यावा.

नवा घेताना

कवच फुटलेलं, सेन्सर गेलेला, किंवा दुरुस्तीला माउसच्या किमतीपेक्षा जास्त खर्च, असं असेल तर नवा घ्यावा. जुना ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून नव्या रूपात लागू आहेत. त्यांत उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे. अधिकृत संकलन केंद्रात तो द्यावा. त्याआधी त्याचे चालू स्विच आणि वायर काढून ठेवली तर पुढच्या दुरुस्तीला कामी येतात.

खोक्यावरच्या डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात माउस किती बिंदू मोजतो त्याच्या, मोठ्या आकड्याला भुलू नये. १,००० डीपीआयचा माउस साधारण ५ सेंटिमीटर सरकवला की १,९२० बिंदू रुंदीचा पडदा पार होतो. १०,००० डीपीआयवर हेच अंतर अवघं ५ मिलिमीटर होतं, आणि पॉइंटर हाताळणं अवघड होऊन बसतं. कार्यालयीन कामाला पहिला आकडा पुरेसा आहे. त्यापेक्षा तो आपल्या हातात मावतो का, बोटं बटणांवर सहज पडतात का, मनगट वाकडं होतं का, हे पाहावं. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा माउस मागावा. एकाच हाताच्या वळणाने घडवलेला माउस दुसऱ्या हाताला रोज छळतो.

दुकानात तो जोडून पाहण्याची विनंती करायला संकोच करू नका. साध्या कागदावर तो सावकाश फिरवा आणि पॉइंटर थरथरतो का पाहा. एखादी फाइल पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्या, मध्येच सुटता कामा नये. चाक खाली फिरवा, पान वर उसळता कामा नये. वायर कवचाजवळ हलकेच वाकवा, जोडणी तुटल्याचा आवाज येता कामा नये. या चार तपासण्यांना दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि यांतली एक जरी फसली तरी दुसरा नग मागून घ्या. बिलावर तारीख आणि वॉरंटीचा काळ लिहून घ्या. पुढे क्लिकचे ठोके वाढू लागले, तर पहिला प्रश्न वॉरंटी बाकी आहे का हाच असेल, कारण स्वतः उघडलेला माउस सहसा वॉरंटीत बदलून मिळत नाही.